निसर्ग वादळ आणि मुलांचे मन

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले
आणि श्रीवर्धन-मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या;
पंचनामे झाले, परंतु मुलांच्या मनावरील परिणाम पंचनाम्यात येत नाही.

आघातोत्तर ताण,
म्हणजे संकट सरल्यावरही मनात उरलेली भीती,
लहान मुलांमध्ये पोटदुखी किंवा अंथरूण ओले होणे या रूपांत,
तर किशोरांमध्ये बहुधा चिडचिडीतून प्रकटते, असे संशोधन सांगते.

हे संशोधन डॉक्टर, शिक्षक आणि आशा सेविका यांनी एकत्र बसून पडताळावे,
कारण कोळीवाड्यातले गप्प झालेले मूल बहुतेकदा आधी आशाताईंच्याच लक्षात येते.
होय, एकत्र बसूनच पडताळावे.

पालकांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा विनामूल्य क्रमांक आहे 14416:
एक, चार, चार, एक, सहा.