शिळे कोणाच्या पानात?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले. पुढची शाळा आठ किलोमीटरवर होती, तेव्हा शिक्षण तिथेच थांबले. मंडळात अकरा वर्षे आहे, पण माझी जागा नेहमी मागच्या बाजूला, चहाच्या पातेल्याजवळ. यंदा चिटणीसबाईंनी हट्टच धरला की, 'घरातले अन्न वाया जाऊ नये आणि खाल्लेले अंगी लागावे' या विषयावर तूच बोल. मी म्हटले, बार्शीतल्या बायकांना भाकरी वाया घालवू नका म्हणून सांगायचे म्हणजे माशाला पोहायला शिकवायचे. त्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या घरी जे झाले तेवढेच सांग." तेव्हा तेवढेच सांगते. चुकले माकले सांभाळून घ्यावे.

आमचे घर पाच माणसांचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमचे हे, मुलगा, मुलगी आणि मी. हे मार्केट यार्डात धान्याच्या आडतीवर कामाला आहेत. सकाळी साडेआठला डबा लागतो. मुलांचे डबे त्याआधी. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मला एकच शिकवण मिळाली, ती ही की, घरातून अन्नाचा कण बाहेर पडता कामा नये. आणि मी तो पडू दिला नाही. पण कसा? रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कोणाच्या पानात? माझ्या. मुलाने डब्यातून परत आणलेली भाजी? माझ्या. तळाशी लागलेला भात, मधोमध मऊ पडलेले केळे, परवाचे वरण, सगळे माझ्या. ताजी गरम भाकरी तव्यावरून उतरे ती दुसऱ्यांसाठी. मला याचे वाईट वाटत नव्हते, हेही खरे सांगते. उलट अभिमानच होता. 'आमच्या घरी काही वाया जात नाही' असे मी इथे हळदीकुंकवाला चारचौघींत सांगत असे. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात मला जिना चढताना धाप लागू लागली. धुण्याची बादली उचलली की डोळ्यांपुढे अंधारी येई. मी म्हटले, वय झाले. एके दिवशी शेगडीपाशीच बसकण मारली, तेव्हा मुलीने जबरदस्तीने दवाखान्यात नेले. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.६ निघाले. बाईमाणसाला ते निदान १२ हवे, आणि आठाच्या खाली गेले की ते फार कमी समजतात, हे मला तेव्हा कळले. डॉक्टरीणबाई वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. पाळीची, जंतांची, सगळी विचारपूस झाली, आणि मग त्यांनी विचारले, "काकू, जेवणात काय काय असतं तुमच्या?"

मी म्हटले, "जे उरंल ते."

त्या लिहीत होत्या. त्यांचे पेन थांबले. मला वाटले, आता रागावतील. रागावल्या नाहीत. "आणि उरलं नाही तर?" एवढेच म्हणाल्या. मला उत्तर देता आले नाही. माझी मुलगी शेजारी उभी होती, ती खिडकीबाहेर बघू लागली.

भगिनींनो, हे माझ्या एकटीचे नाही, म्हणून चारचौघींत सांगण्याचे धाडस करते आहे. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंबांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांपैकी सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघाले, पुरुषांत पंचवीस जणांच्या. आपल्या महाराष्ट्रात बायकांचा आकडा चोपन्न. पाळी, बाळंतपणे ही कारणे आहेतच. पण शेवटी जेवायला बसणारीच्या वाट्याला भाजीचा रस येतो नि भाजी संपलेली असते, हे आपण सगळ्याजणी जाणतो. वरून जेवणावर लगेच चहा! पालेभाजीतले, कडधान्यातले लोह अंगी लागू देत नाही तो चहा. तासभर मागे ढकला. जेवताना लिंबू पिळा, आवळा खा, पेरू खा. त्याने ते लोह अंगी लागते. अळीव नुसते बाळंतिणीलाच द्यायचे असे कुठे लिहून ठेवलेले नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि मी ठरवले की, शिळे आता मी एकटी खाणार नाही. ठरवले खरे, पण मग उरलेल्याचे करायचे काय? पहिल्या आठवड्यात ते बादलीत गेले आणि घरात भांडण झाले.

आत्याबाईंचा राग मी समजू शकते. त्या मंगळवेढ्याकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. आईबरोबर खडी फोडायला जात. ज्या मातीत उत्तम शाळू पिकतो, तिथल्या माणसांना रेशनवरची अमेरिकेची लाल मिलो खावी लागली. तिची भाकरी थापताना चिरत असे, आणि गिळवत नसे. कामावर सुकडी मिळे, ती त्या पदराला बांधून धाकट्या भावाला आणीत. बादलीतली भाकरी त्यांनी उचलून धुतली आणि मला म्हणाल्या, "आम्ही काय खाल्लं ते तुला म्हाईत न्हाई. असली भाकर आमी सपनात बघत हुतो." मी गप्प राहिले. त्यांचे खरे होते. आणि माझे ७.६ हेही खरे होते.

तोड मुलीने काढली. तिने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायला सुरुवात केली, आज काय उरले आणि का उरले. पंधरा दिवस लिहिले. तुम्हीही लिहून पाहा, मोठी करमणूक होते. चौदा पोळ्या, साडेचार भाकरी, पाच वाट्या भात, दोनदा कोथिंबिरीची जुडी काळी पडलेली, अर्धा किलो वांगी पिशवीत विसरलेली, एक दह्याचे भांडे. कारणे वाचून माझेच मला हसू आले. 'हे बाहेर भेळ खाऊन आले.' 'कोणी आले तर असावे म्हणून.' 'कोणी आले तर'च्या चार पोळ्या मी वीस वर्षे लाटत होते, आणि येणारे पाहुणे महिन्यातून एखादे!

तेव्हापासून पीठ भिजवण्यापूर्वी प्रत्येकाने आकडा सांगायचा. ह्यांना सुरुवातीला चमत्कारिक वाटले. "घरात काय खानावळ आहे?" म्हणाले. पण यार्डात दिवसभर वजनकाटा बघणारा माणूस, हिशोब त्यांना पटला. तांदूळ वाटीने मोजते, एक वाटीचा शिजून जवळपास तीन वाट्या भात होतो. कोणी आलेच, तर पिठले टाकायला किती वेळ लागतो?

तरी उरतेच. घर आहे, यंत्र नव्हे. म्हणून दुसरा नियम असा की, उरलेले सगळ्यांच्या पानात सारखे. आदल्या दिवशीच्या तीन भाकऱ्या असल्या तर कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची घालून फोडणीला टाकते आणि नाश्ता म्हणून पाचही जणांना वाढते. मुलाने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले. आत्याबाई त्याला म्हणाल्या, "तुझी आय रोज खात हुती, तवा तुला वास आला न्हाई?" त्या दिवशी मला कळले की, भाकरी बादलीत जाऊ नये एवढेच त्यांचे म्हणणे होते, ती मीच खावी असे त्यांनी कधी म्हटलेच नव्हते. ते मीच धरून बसले होते.

पोळ्यांचा कुस्करा, वरण उरले तर त्यातच कणीक भिजवून धपाटे नाहीतर त्याच्या चकोल्या, हे मी तुम्हाला काय सांगावे! दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी, मुळ्याच्या पाल्याची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालीपिठात घालतात, हे मात्र मला मागल्या उन्हाळ्यात मंडळातच शिकायला मिळाले.

एक गोष्ट जरा खडसावून सांगते, कारण तीत माझीच चूक झाली आहे. काटकसर म्हणून वाटेल ते ठेवू नये. मुलगा लहान असताना वैशाखात रात्रीचा भात ओट्यावरच झाकून ठेवला होता. सकाळी तोच फोडणी देऊन त्याला खाऊ घातला. दुपारपर्यंत त्याला इतक्या उलट्या झाल्या की सलाईन लावावे लागले. मी म्हणत राहिले, चांगला गरम केला होता हो! पण भातातल्या काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, आणि त्यांनी केलेले विष पुन्हा तापवून जात नाही. म्हणून भात, वरण, उसळ दोन तासांच्या आत थंड करून फ्रिजमध्ये. पसरट भांड्यात काढले की लवकर निवते. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढेच काढून एकदाच चांगले वाफ येईपर्यंत गरम करायचे आणि संपवायचे. कोरडी ज्वारीची भाकरी फडक्यात टिकते. भाताला तो न्याय लावू नये. शंका आली तर टाकून द्यावे. दवाखान्याचे बिल वाटीभर भातापेक्षा जास्त येते.

आणि शंका आलेले अन्न धुण्याभांड्याच्या मावशींना देऊ नये. माझी आई दुसऱ्यांची भांडी घासत असे. एका घरून मिळालेली आंबलेली आमटी ती वाटेतच ओतून देई, आम्हाला दाखवीतही नसे. दुसऱ्या घरच्या आजी मात्र आपण जेवण्याआधी तिला ताजे वाढीत. पन्नाशीकडे आले, पण दोन्ही घरांचे दरवाजे मला आठवतात.

आता नव्या खाण्याविषयी थोडे. २०२३ साल भारताच्या सूचनेवरून जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. त्यामुळे आपली ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम मोठ्या घरची झाली. चांगलेच झाले. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, ज्वारीत चोथा आहे. पण मुलगी एकदा मोठ्या हौसेने ज्वारीची बिस्किटे घेऊन आली. पुड्यावर कणसाचे चित्र केवढे! मागचे बारीक अक्षर वाचले, तर पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि ज्वारीचे पीठ पाचवे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, तेव्हा पहिली तीन नावे वाचली की पुड्याचे पोट कळते. किन्वा, ओट्स ज्यांना परवडतात त्यांनी खुशाल खावेत. बार्शीत राहून मला त्यांची गरज पडलेली नाही.

त्याच पुड्यावर तारखाही असतात. 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' उलटली की खाऊ नये. 'बेस्ट बिफोर' म्हणजे त्या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा उत्तम. दुसऱ्या दिवशी ते विष होत नाही. वास, रंग बघून ठरवावे. हे न कळल्याने मी रव्याचे चांगले पुडे फेकले आहेत.

एक मोठा आकडा सांगून संपवते, चिटणीसबाईंनी लिहून दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले शंभरात साठ भाग हॉटेलांतून नव्हे, घराघरांतून. आपल्या देशात घरातले माणशी वर्षाला सुमारे ५५ किलो. यात साली आणि देठही धरले आहेत. तरी पाच माणसांच्या घराचे पावणेतीन क्विंटल होतात. ह्यांना सांगितले तर म्हणाले, "पाच पोती भरली की!"

माझे हिमोग्लोबिन गेल्या महिन्यात ११.४ आले. अजून १२ नाही. गोळ्यांनी बरेचसे काम केले, हे मान्य करते. पण आता आम्ही पाचजण एकदम जेवायला बसतो, वाढप मध्ये ठेवून. भाजी माझ्या पानात इतरांएवढीच असते. आत्याबाई नजर ठेवून असतात.

कार्यक्रम संपल्यावर कोणी लगेच उठू नये. मटकीची उसळ साठ जणींची केली होती, आज पंचेचाळीस आलो आहोत. आत्ताच निवत ठेवली आहे. ज्यांनी डबे आणले असतील त्यांनी मागच्या बाजूला माझ्याकडे यावे. घरी गेल्याबरोबर फ्रिजमध्ये टाका, नाहीतर आज रात्रीच संपवा. पाव उद्यालाही चालतील.