निकालाआधीची वही

बेळगावच्या पूर्वेस दहा-बारा किलोमीटरांवर सांबरा हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, येथे विमानांची धावपट्टी झाली आणि पुढे वायुदलाचे प्रशिक्षणकेंद्रही येथे वाढले. या गावात दोन प्रकारच्या नोंदी शेजारी शेजारी नांदत आहेत. विमानतळावर वारा, ढग आणि दृश्यता यांची नोंद ठरल्या वेळी होते, आणि वैमानिक आपल्या वहीत प्रत्येक उड्डाण लिहितो. साधलेलेही लिहितो आणि फसलेलेही लिहितो. तिकडे गावात डेअरीला दूध घालणाऱ्याच्या कार्डावर सकाळ-संध्याकाळ लिटर, फॅट आणि दर यांचे आकडे पडतात. म्हैस आटली म्हणजे कार्डावरचा आकडाही आटतो. कोणाच्या भिडेखातर तो वाढत नाही.

तिसरी एक नोंद मात्र कोणीच ठेवीत नाही. सामना संपल्यावर पारावर जी चर्चा रंगते तिच्यात एक वाक्य हटकून ऐकू येते, "मी आधीच सांगितलं होतं!" क्रिकेट असो, कुस्ती असो की घोड्यांची शर्यत असो, निकाल लागल्यावर तो आधीपासून ठाऊक असलेली माणसे गावोगाव निघतात. ती खोटे बोलतात असे नव्हे. त्यांनी खरोखरच तसे सांगितलेले असते. परंतु त्याच आठवड्यात आणखी चार गोष्टी सांगितलेल्या असतात, त्या चारही चुकलेल्या असतात आणि त्या कोणाच्याच ध्यानात राहिलेल्या नसतात. माणसाची आठवण ही मालकाची मर्जी सांभाळणारी कारकून आहे. जमेची बाजू ती ठळक शाईने लिहिते आणि खर्चाची बाजू लिहावयाचीच विसरते. पुढे याच हिशेबाच्या भरवशावर एखादा तरुण "आपल्याला खेळ कळतो" असे मानू लागतो, आणि तेथून पैशाचे पाऊल घराबाहेर पडते.

आपल्याला खेळ खरोखर कळतो की नाही, हे पडताळून पाहण्याचा काही मार्ग आहे काय? आहे. तो मार्ग म्हणजे निकालाआधी लिहिलेली वही. पण त्या वहीकडे वळण्यापूर्वी कायद्याचा उंबरठा ओलांडावा लागतो.

सांबरा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते. तेथे १८८७ चा मुंबईचा जुगारप्रतिबंधक कायदा लागू असे. आज या भागात कर्नाटकाचा १९६३ चा पोलीस कायदा आहे. दोन्हींचा रोख एकच. जुगार निषिद्ध, परवानगीने चालणाऱ्या शर्यतीच्या मैदानावर घोड्यांवर लावलेली पैज तेवढी अटींसह वगळलेली. घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली म्हटले. क्रिकेटच्या सामन्यावर पैसे लावण्यास ही सवलत नाही. मोबाइलवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांची दुकाने मांडणे व त्यांची जाहिरात करणे यांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. तेव्हा येथे जी वही सुचविली आहे तिच्यात खरा रुपया एकही नाही. तिच्यातील पैज कागदावरची, तिच्यातील दहा रुपयेही कागदावरचे. परीक्षेला पैसा लागत नाही; प्रामाणिकपणा लागतो, आणि तो पैशाहून दुर्मिळ आहे.

समजा, सांबऱ्यातील एका तरुणाने पुण्याच्या पावसाळी हंगामातील शर्यतींचा अभ्यास मांडला आहे. पुण्याच्या शर्यती पावसाळ्यात होतात आणि मुंबईच्या महालक्ष्मीच्या शर्यती हिवाळ्यात. दोन्ही रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या. शर्यतीची पुस्तिका पाहून त्याने एक नियम बसविला आहे. मागच्या शर्यतीत दुसरा आलेला घोडा पुढच्या वेळी तेवढ्याच अंतरावर धावत असेल, तर तो जिंकेल. नियम खरा की खोटा हा प्रश्न पुढचा. पहिला प्रश्न असा, की तो नियम आहे काय? वहीच्या पहिल्या पानावर तो अशा शब्दांत लिहावा, की ते पान वाचून त्याच्या मामालाही नेमका तोच घोडा निवडता यावा. "घोडा तयारीत दिसला तर" अशी पळवाट त्यात असेल, तर तो नियम नव्हे, लहर होय. आणि लहरीची परीक्षा घेता येत नाही.

पुढची पाने आखावयाची ती अशी. पहिल्या रकान्यात तारीख आणि लिहिण्याची वेळ. दुसऱ्यात शर्यतीचा क्रमांक, अंतर व मैदानाची स्थिती, कारण कोरड्या मैदानावरचा घोडा चिखलात तोच राहत नाही. तिसऱ्यात घोड्याचे नाव, त्याच्यावरचे वजन आणि स्वार. चौथ्यात निवडीचे कारण, एका ओळीत. पाचव्यात त्या घटकेला मिळणारा भाव. सहाव्यात पैज, नेहमी दहाच रुपये. एवढे लिहून झाले की लेखणी खाली ठेवावी. सातवा रकाना निकालाचा आणि आठवा शिलकेचा. ते दोन शर्यत संपेपर्यंत कोरे राहावयाचे. वही शाईने लिहावी, पान फाडू नये, खोडावे लागलेच तर मूळ अक्षर वाचता येईल असे खोडावे. शर्यतीपूर्वी घरातल्या कोणाची तरी सही घ्यावी. मामा डेअरीत दुधाचा हिशेब पाहणारे असतील तर फारच उत्तम; "रकाना भरल्याशिवाय सही मागायला येऊ नकोस," असे ते भाच्याला पहिल्याच दिवशी बजावतील.

यांतील भावाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक जण गाळतात. किती वेळा बरोबर आलो, एवढेच ते मोजतात. एका माणसाने शंभर शर्यतींत साठ वेळा विजेता ओळखला. ऐकणारा म्हणेल, वाहवा! पण त्याने निवडलेले घोडे सर्वांच्याच आवडीचे होते, आणि दहा रुपयांवर पाचच रुपये नफा मिळे. साठ विजयांचे तीनशे रुपये आले, चाळीस पराजयांचे चारशे गेले. शंभर रुपये तोटा. दुसऱ्याने शंभरांत पंचवीसच ओळखले. परंतु त्याचा भाव दहावर चाळीस होता. पंचवीस विजयांचे हजार आले, पंचाहत्तर पराजयांचे साडेसातशे गेले, अडीचशे उरले. पारावर पहिल्याची कीर्ती होईल. वहीत दुसरा सरस ठरेल. भाव लिहावयाचा तोही निवड करताना जो होता तोच; मागाहून कळलेला चांगला भाव लिहिणे म्हणजे दुधात पाणी घालण्यासारखेच आहे.

पैज नेहमी दहाचीच का, याचेही कारण आहे. हरल्यावर रक्कम दुप्पट करावी, म्हणजे एक विजय सारे भरून काढतो, अशी युक्ती पुष्कळांना सुचते. दहा, वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ, तीनशेवीस. सहा वेळा सलग हरले की सहाशेतीस रुपये गेले आणि सातव्या खेपेस सहाशेचाळीस हवेत. सहा वेळा सलग कोण हरतो, असे वाटेल. जिंकण्याची व हरण्याची शक्यता सारखी धरली, तरी शंभर खेळांत कोठे तरी सलग सहा पराजय येण्याचा संभव निम्म्याहून थोडा अधिकच आहे. शिवाय रक्कम बदलत गेली की फायदा नियमामुळे झाला की रकमेमुळे, हे वहीला सांगता येत नाही.

आता किती नोंदींनंतर निकाल द्यावा? येथे घाई नडते. नाणे फेकून निवड करणारा माणूसही समान भावाच्या शंभर पैजांत साठ किंवा त्याहून अधिक जिंकू शकतो. साधारण पस्तीस माणसांत एकाला हे भाग्य लाभते. सीमाभागात पस्तीस तरुणांनी अशा वह्या ठेवल्या, तर कोणत्याही ज्ञानावाचून त्यांच्यातील एक जण शास्त्रज्ञ ठरण्याचा संभव आहे, आणि उरलेले चौतीस त्याचा सल्ला घेऊ लागतील. तोच खेळ हजार पैजांपर्यंत नेला, तर नुसत्या नशिबाने सहाशे जिंकणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून परीक्षा किती पैजांची, हा आकडाही पहिल्याच पानावर आधी लिहून ठेवावा. जिंकत असता थांबणे आणि हरत असता "अजून थोडे पाहू" म्हणणे, या दोन्ही मार्गांनी वही बिघडते.

नोंद खोटी असली तर मोठी विद्वत्ताही कशी वाया जाते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कार्ल पिअरसन या इंग्रज गणितज्ञाने मॉन्टे कार्लोच्या जुगारगृहातील चक्राचे छापून आलेले निकाल तपासले. लाल आणि काळा रंग एकंदरीत सारखेच येत होते. पण एकच रंग ओळीने किती वेळा यावा, याचे प्रमाण यदृच्छेच्या नियमाशी मुळीच जुळेना. चक्रातच दोष असला पाहिजे असे त्यातून निघाले. पुढे असे सांगितले गेले, की ते आकडे टिपणारी माणसे चक्राजवळ बसतच नसत. ती आरामात बसून मनाने आकडे लिहीत. ही हकीकत खरी धरली, तर दोष चक्रात नव्हता, नोंदीत होता. रात्री आठवून भरलेली वही ही त्याच जातीची.

याच्या उलट उदाहरण मराठी मुलखातले आहे. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पिकाचा उतारा अजमावण्यासाठी नमुना-पाहणीचे शास्त्र घडविले. त्या पद्धतीत कोणते शेत आणि शेतातला कोणता तुकडा कापावयाचा हे आधी यदृच्छेने ठरते. मग कापणी, मग वजन. रस्त्याकडेचे भरघोस पीक पाहून तो तुकडा निवडण्याची मुभा नाही. शेतकऱ्याला यातले मर्म सांगावे लागत नाही. खळ्यावरचे चांगले चांगले दाणे मुठीत धरून कोणी भाव ठरवू लागला, तर तो त्याला हसेल. जुन्या शर्यतींचे निकाल चाळून बसविलेला नियम जुन्याच शर्यतींवर तपासणे, हे तसेच मुठीतले दाणे दाखविणे होय. अंगरखा ज्या अंगावर बेतला त्या अंगाला तो बसणारच. नियमाची परीक्षा नव्या हंगामावर व्हावयास हवी. मध्येच नियम बदलला, तर जुने खाते बंद करून नवे पान उघडावे. जुने विजय नव्या नियमाच्या नावे जमा करू नयेत.

आणखी एक रकाना आहे, तो बहुतेकांना दिसतच नाही. तो मधल्या कपातीचा. शर्यतीवर सर्वांनी लावलेले पैसे एकत्र करून वाटावयाचे, तर आधी खर्च व कर वजा होतात. शंभर रुपयांतून समजा वीस कापले गेले, तर ऐंशीच वाटले जातील. अशा वेळी केवळ बरोबरीत राहण्यासाठीही माणूस इतर सर्वांच्या सरासरीपेक्षा सव्वापट सरस असावा लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून शर्यतीच्या पैजेच्या पूर्ण रकमेवर वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. म्हणून वहीत शिलकेचे दोन आकडे असावेत, कपातीपूर्वीचा आणि कपातीनंतरचा. पुष्कळ चांगले नियम या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत बुडालेले सापडतील.

अशी वही हंगामभर ठेवली तर काय दिसेल? बहुतेकांना असे दिसेल, की आपला नियम नाण्याहून सरस नव्हता, आणि कपात धरली तर नाण्याहून वाईट होता. हा निष्कर्ष कडू आहे; पण तो कागदी दहा रुपयांत मिळाला. तोच निष्कर्ष उसनवारी करून, सोने गहाण टाकून आणि घरातल्या माणसांची नजर चुकवून विकत घेणारे लोक थोडे नाहीत. त्यांच्यापाशीही वही नसते असे नाही, पण ती सावकाराच्या घरी असते. क्वचित एखाद्याचा नियम टिकलेला दिसेल. त्यालाही वही घमेंड देणार नाही. तुझ्या हजार नोंदी एवढेच सांगतात आणि यापुढचे सांगत नाहीत, असे ती बजावील.

शेवटी एक कसोटी अगदी घरगुती आहे. दुधाचे कार्ड भिंतीला खिळ्याशी अडकविलेले असते. आई पाहते, बायको पाहते, आलागेला पाहुणाही पाहतो. पैजेची वही त्याच खिळ्याला अडकविता येत असेल, तर ती खरी. ती गादीखाली ठेवावीशी वाटू लागली, त्या दिवशी शेवटच्या रकान्याची बेरीज करण्याचे कारण उरत नाही. तिचे उत्तर वहीच्या मालकाला आधीच कळलेले असते.