पोरांशी खेळा

मंडळी, आज खेळाविषयी बोलू. कुणी म्हणेल, 'कामाच्या गोष्टी सोडून हे काय काढलंत?' पण आम्ही गावोगाव हिंडतो, तेव्हा एक दिसतं. पोर काही विचारायला आलं की आपण म्हणतो, 'जा, पलीकडं खेळ.' नाहीतर हातात मोबाईल देतो. पोर गप्प होतं. आपल्याला बरं वाटतं. पण त्याचं बोलणं तिथंच राहतं.

तान्ह्या बाळाशीही खेळता येतं. तोंडावर पदर घ्या, 'आई कुठं गेली?' म्हणा आणि पदर काढा. बाळ खुदकन हसतं. दिसत नाही ते माणूस नाहीसं होत नसतं, हे त्याला हळूहळू कळतं.

तीन वर्षांवरच्या पोराला चिंचोके द्या. दोन बोटांच्या चिमटीत धरून एकेक वाटीत टाकायला सांगा. पुढं पेन्सिल धरायला हीच बोटं लागतात. मग पाच चिंचोके मांडा, दोन उचला आणि विचारा, 'किती राहिले?' तोंडानं एक-दोन-तीन घोकणं निराळं, हातानं मोजणं निराळं. 'आधी तुझी पाळी, मग माझी,' असं ठरवा. पोर थांबायला शिकतं. हरलं तर रडेल. त्यावर ओरडू नये. दुसरा डाव मांडावा.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ तर बापानं घ्यावा. 'शिवाजी म्हणतो, हात वर,' म्हटलं तर हात वर करायचे. नुसतं 'हात वर' म्हटलं तर हलायचं नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला हे सोपं नसतं. कान देऊन ऐकावं लागतं, हात आवरावा लागतो. मधूनच बाप चुकला की पोरं नाचतात!

यात पैसा लागत नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. मुलं शाळेत येईनात, म्हणून त्यांनी शाळाच वस्तीतल्या अंगणात नेली. बिया, पानं, शिंपले, खडे हीच तिथली खेळणी. १९५७ साली हे काम जवळच्या कोसबाडला गेलं.

रोज घटकाभर पुरे. भाकरी थापतानासुद्धा 'घरातली गोल वस्तू सांग' असं विचारता येतं.

एक मात्र सांभाळा. डाव संपला की चिंचोके मोजून डब्यात घाला आणि डबा फळीवर ठेवा. घरात रांगतं बाळ असेल, तर ते खाली सापडेल ते तोंडात घालतं, आणि चिंचोका घशात अडकतो.