परमुलखातील शिलकीची तजवीज
(मंडळात दिलेल्या भाषणाचा संक्षेप)



बदलीच्या नोकरीमुळे आम्ही मुलखापासून दूर आलो. येथे अडीअडचणीला धावून येणारे भाऊबंद नाहीत. शिलकीची तजवीज आम्हांलाच करावयाची असते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत गावाकडच्या गाड्या बंद झाल्या, तेव्हा हाताशी असलेली रक्कमच कामास आली. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च बचत खात्यात वेगळा असावा.

सारी पुंजी एकाच बँकेत नसावी. ठेवविम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये १ लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आली. परंतु एकाच व्यक्तीच्या नावावरील, त्या बँकेच्या सर्व शाखांतील ठेवी व्याजासह एकत्र धरल्या जातात. गावची शाखा आणि येथली शाखा निराळी मानीत नाहीत.

नामनिर्देशन केले की सारे झाले, असा आमच्यात समज आहे. वस्तुतः बँकेतील ठेवींच्या बाबतीत नामनिर्देशित व्यक्ती रकमेची केवळ विश्वस्त असते, मालकी वारसांची. यास्तव मृत्युपत्र करून ठेवणे इष्ट.

शेवटी, ठेवी, विमा आणि निवृत्तिवेतन यांची नोंद एका वहीत असावी आणि ती वही कोठे आहे, हे पतिपत्नी दोघांनाही ठाऊक असावे. परक्या शहरात एकट्या राहिलेल्या माणसाला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत, एवढी काळजी आपण आजच घेऊ या.