मूल कोणाच्या हाती सोपवावे?



सकाळच्या बसने कुंडई किंवा बेतोडा येथील औद्योगिक वसाहतीकडे निघालेल्या महिलांमध्ये कित्येकींचे मूल अद्याप वर्षाचेही झालेले नसते. घरी आजी असते, पण तीही बागायतीत किंवा बाजारात गुंतलेली. कोठे ती गुडघेदुखीने जागची हलू शकत नाही. अशा कुटुंबाला पाळणाघर ही हौस नव्हे, निकड आहे. तथापि दुभती गाय घेताना जितकी चौकशी केली जाते, तितकीही पुष्कळदा पाळणाघर ठरविताना केली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

पालक भिंतीवरची चित्रे पाहतात, खेळणी पाहतात, इंग्रजी कविता शिकवितात काय, असे विचारतात. दीड वर्षाच्या मुलाला यांपैकी कशाचीच तातडी नसते. त्याला हवे असते एक ओळखीचे माणूस, जे रोज तेच असेल आणि रडताच जवळ येईल. म्हणून पहिला प्रश्न असा असावा : येथील ताई किती दिवसांपासून काम करीत आहेत? दर दोन-तीन महिन्यांनी ताई बदलत असतील, तर त्या घराची रंगरंगोटी कितीही देखणी असली तरी मुलाचा जीव तेथे रमणे कठीण. अल्प वेतनावर राबणारी बाई टिकत नाही. तेव्हा सर्वांत स्वस्त पाळणाघर शोधणाऱ्या पालकांनी हाही हिशेब ध्यानी घ्यावा.

दुसरा प्रश्न संख्येचा. शासनाच्या ‘पाळणा’ योजनेत सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या २५ मुलांमागे एक सेविका व एक मदतनीस असते. चार-पाच वर्षांची मुले अधिक असतील तर हे निभते. पण रांगणारी पाच-सहा मुले एकाच वेळी भुकेली झाली की दोन बायांचे चार हात कोठे पुरणार?

पाळणाघर पाहण्यास पूर्वसूचना न देता, दुपारी जेवणाच्या व झोपेच्या वेळी जावे. पाहुण्यांसमोर मुलांनी गाणे म्हटले की केंद्र उत्तम, असा शेरा मारणारे तपासनीसही आढळतात. प्रत्यक्षात पारख होते ती मूल रडत असतानाच. ताई जमिनीवर बसून त्याच्याशी बोलते की दुरूनच दटावते? लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुते काय? पावसाळ्यात ओले कपडे कोठे वाळतात, पिण्याचे पाणी उकळले जाते काय, विहिरीला कठडा आहे काय? तान्ह्याला उताणे निजविले जाते काय, त्याच्याभोवती उशा तर नाहीत? शेंगदाणे किंवा फुटाणे लहानग्याच्या हाती पडत असतील तर ते घशात अडकण्याचा धोका असतो. वर्षाआतील बाळाला मध चाटवू नये, हेही तेथे ठाऊक असले पाहिजे. पुष्कळ घरांतूनच ते ठाऊक नसते!

एक गोष्ट अप्रिय असली तरी सांगणे भाग आहे. मूल निजून राहावे म्हणून अफू चाटविण्याची रीत एके काळी ठिकठिकाणी होती; आज तिची जागा गुंगी आणणारे खोकल्याचे औषध घेऊ शकते. मूल रोज सायंकाळी सुस्तावलेले घरी येत असेल, तर संकोच न करता विचारावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

सोय कोठे मिळते, हेही पाहू. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी मोलाची खरी, पण ती दिवसातील काही तासच चालते. आठ तास कामावर असणाऱ्या मातेची अडचण तिने सुटत नाही. यासाठीच २०२२ पासून ‘मिशन शक्ती’खाली ‘पाळणा’ योजना आली व अंगणवाडीला जोडून पाळणाघरे उघडण्याची तरतूद झाली. २०१७ च्या मातृत्व लाभ कायद्यातील दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याचे बंधन आले व मातेला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. ती मागणे म्हणजे मालकाकडे मेहेरबानी मागणे नव्हे.

पाळणाघर ठरले म्हणजे पहिल्याच दिवशी मूल सोडून निघून जाऊ नये. पहिला आठवडा आई, वडील किंवा आजी यांनी तेथे थोडा थोडा वेळ बसावे आणि मुलाचे सवयीचे पांघरूण सोबत द्यावे. निरोप घेताना मूल रडते, त्याने घाबरू नये. पाठ फिरताच गुपचूप निसटणे मात्र वाईट. परंतु काही आठवडे लोटूनही ताईला पाहताच ते अंग चोरून घेत असेल, तर कारण शोधावे व गरज पडल्यास जागा बदलावी.

सायंकाळी मूल कोणाच्या स्वाधीन करावयाचे, त्यांची नावे पाळणाघरात लिहून द्यावीत. यादीत नसलेला काका दारात आला आणि ताईने मूल देण्यास नकार दिला, तर काकांनी रागावू नये. पालकांनी त्या ताईचे आभार मानावेत.