भांडायलाही भाडे लागते

(पनवेलमधील महिला गटांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या बैठकीचा विषय फोनवर कळवला तेव्हा आपल्यातल्याच एका ताईंनी मला विचारले, "महापालिकेचे मुख्यालय कुठे असावे, हा बायकांचा प्रश्न कसा काय? मारहाण, हुंडा, रेशन, पाणी हे सोडून आपण इमारतींवर कधीपासून बोलायला लागलो?" त्यांची शंका रास्त आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते.

पनवेलमध्ये हा वाद आपण सगळ्याजणी ऐकतो आहोत. एक बाजू म्हणते, देवाळे तलावाजवळची जुनी कचेरी हीच पनवेलची ओळख आहे, ती हलवू नका. दुसरी बाजू म्हणते, नगरपरिषदेसाठी बांधलेली जागा महापालिकेला कशी पुरणार? नवीन पनवेलला भूखंड आहे, तिथे शहराला शोभेल असे मुख्यालय होऊ द्या. दोन्हीकडून अभिमानाची भाषा चालते. शहराची शान, शहराचा इतिहास, शहराचे भवितव्य. या सगळ्यात त्या कचेरीत जाते कोण, कशासाठी जाते, आणि जाऊन येईपर्यंत तिच्या घरी काय होते, हे कोणी विचारत नाही.

आधी माझ्याबद्दलची एक गोष्ट कबूल करते. मी जुन्या पनवेलमध्ये वाढले. माझी आई बाजाराची पिशवी हातात घेऊनच नगरपालिकेत जायची. पाणी आले नाही की भाजी घेता घेता तक्रार करून यायची. त्यामुळे कचेरी हलवण्याची चर्चा सुरू झाली तेव्हा ती हलवू नये म्हणणाऱ्या निवेदनावर मी लगेच सही केली. समाजकार्याची पदवी घेतलेली, वस्त्यांमध्ये काम करणारी मी, पण सही करताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझी आई होती. तळोजाची, नावड्याची, कळंबोलीची बाई नव्हती.

ती नंतर समोर आली. तळोजाजवळच्या एका गावातली बाई. नवरा वारलेला, दोन मुले, ती कारखान्यात रोजावर साफसफाईला जाते. घरपट्टीच्या नोंदीवर नवऱ्याचे नाव होते, तिथे तिला आपले नाव लावायचे होते. घरपट्टीवर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली असे नव्हे, हे आपण शिबिरांतून नेहमी सांगतो. पण दीर घराबाहेर काढायला निघाला की दाखवायला बाईजवळ बहुतेक वेळा तेवढाच एक कागद असतो. या कामासाठी ती एका कार्यालयात तीन वेळा गेली. पहिल्या वेळी पोचेपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि शाळेतून मुले यायची वेळ झाली म्हणून ती परतली. दुसऱ्या वेळी एक दाखला कमी पडला. तिसऱ्या वेळी साहेब बैठकीला गेले होते. प्रत्येक खेपेला एक दिवसाचा रोज बुडाला आणि येण्याजाण्याच्या रिक्षांचे पैसे गेले ते वेगळेच. चौथ्या वेळी ती गेलीच नाही. तेवढ्यात दीर एक दिवस सकाळी मोटारसायकलवरून गेला आणि त्याने स्वतःचा अर्ज देऊन टाकला. आता तिची हरकत चालू आहे, आणि त्या हरकतीसाठी पुन्हा खेपा.

तिला कोणी हाकलून दिले नव्हते की अपमान केला नव्हता. तरीही ती हरत चालली आहे. दिराला दुचाकीवर जे अंतर काहीच वाटले नाही, त्याची किंमत तिला एका दिवसाच्या रोजाने मोजावी लागली. अंतर सगळ्यांना सारखे नसते, हे मी पुस्तकात वाचले होते. कळले ते तिच्यामुळे.

आता थोडा इतिहास पाहू, कारण या वादात तो अर्धाच सांगितला जातो. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. राज्यातल्या सर्वात जुन्या नगरपालिकांपैकी ती एक, आणि याचा अभिमान वाटायला हरकत नाही. पण १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली तेव्हा जुन्या नगरपरिषदेत २९ गावे येऊन मिळाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजा, नावडे या सिडकोच्या वसाहती आल्या. क्षेत्रफळ सुमारे ११० चौरस किलोमीटर झाले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या हद्दीत पाच लाखांहून अधिक माणसे होती. त्यांपैकी जुन्या नगरपरिषदेच्या हद्दीत होती सुमारे एक लाख ऐंशी हजार. आज जुने पनवेल विरुद्ध नवीन पनवेल असा जो वाद रंगतो, तो मुळात त्या जुन्या हद्दीतल्या दोन शेजाऱ्यांचा वाद आहे. मध्ये रेल्वेचे रूळ आहेत, इतकेच. शहरातली निम्म्याहून जास्त माणसे या भांडणात धरलेलीच नाहीत.

आम्ही आमच्या गटाच्या बैठकीत एक साधी गोष्ट केली. खडूने जमिनीवर शहर काढले. रूळ, हायवे, गाढी नदी, स्टेशने, एका बाजूला जुनी कचेरी, दुसऱ्या बाजूला नवी जागा. मग प्रत्येकीने आपापल्या घरापासून कचेरीपर्यंत चालत जायचे आणि वाटेत कुठे काय बदलावे लागते ते मोठ्याने सांगायचे. खारघरची ताई म्हणाली, "हार्बरची गाडी आहे, मग रिक्षा. गर्दीची वेळ टाळली की जमते." कामोठ्याची मानसरोवर स्टेशनपर्यंत चालत येते. कळंबोलीची म्हणाली, "आम्हाला हायवे ओलांडणे हेच मोठे काम." तळोजाच्या बायकांची वाट सर्वात लांब निघाली. दिवा-पनवेल मार्गावर गाड्या मोजक्या, म्हणून शेअर रिक्षा, मग दुसरी रिक्षा. नोव्हेंबर २०२३ पासून पेंधर ते बेलापूर मेट्रो धावते. म्हणजे तळोजाच्या बाईला नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत जायला मेट्रो आहे, स्वतःच्या महापालिकेच्या मुख्यालयात यायला नाही. कचेरी जुन्या जागी राहिली काय आणि रूळांपलीकडे गेली काय, तिच्या लेखी एका रिक्षाचा फरक.

त्या दिवशी एका गावातल्या मावशी जे बोलल्या ते मी तसेच सांगते. "आमची ग्रामपंचायत होती तवा पायी जाऊन भांडून येत होतो. आता भांडायला पन भाडं लागतं."

यावर आपण सगळ्या हसलो. पण मावशींनी जे सांगितले ते फार गंभीर आहे. ग्रामपंचायत काही स्वर्ग नव्हती. तिथे सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसलेला आपण पाहिला आहे. पण ग्रामसभा होती. वर्षातून काही वेळा गावातल्या कोणाही बाईला उठून "नळाचे काय झाले?" असे विचारता येत होते. गाव महापालिकेत गेले की ग्रामसभा संपते. तिच्या जागी काय येते? कायद्यात उत्तर आहे. २००९ मध्ये राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. एका छोट्या भागातल्या मतदारांनी एकत्र बसून आपल्या गरजा सांगायच्या. आपल्यापैकी कितीजणी अशा क्षेत्रसभेला बसल्या आहेत? हात वर करा. पाहा, एकही नाही.

कोणी म्हणेल, आता निम्म्या जागा बायकांना आहेत, त्या बोलतील. २०११ पासून पन्नास टक्के आरक्षण आहे आणि ते आपल्या चळवळीने कमावलेले आहे. २०१७ मध्ये पनवेलची पहिली निवडणूक झाली तेव्हा ७८ जागांपैकी निम्म्या स्त्रियांच्या होत्या आणि पहिल्या महापौरही एक स्त्रीच, डॉ. कविता चौतमोल. पण जुलै २०२२ मध्ये त्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा कारभार चालला. नगरसेविका नाही, ग्रामसभा नाही, क्षेत्रसभाही नाही. बाईला थेट कचेरीत जाण्यावाचून दुसरा मार्गच उरला नाही. अशा वेळी कचेरी किती लांब आहे, हा राजकीय प्रश्न होतो.

शेजारच्या नवी मुंबईकडे पाहू. तिथल्या महापालिकेचे मुख्यालय २०१४ मध्ये स्टेशनजवळच्या बेलापूर भवनातून पाम बीच रस्त्याच्या टोकाला, किल्ले गावठाणाजवळ गेले. भव्य इमारत आहे, रात्री रोषणाई असते, लोक थांबून फोटो काढतात. स्टेशनपासून ती लांब गेली, पण दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आठ विभाग कार्यालये आहेत, म्हणून दिघ्याच्या बाईला प्रत्येक कामासाठी बेलापूर गाठावे लागत नाही. मुख्यालयाची जागा बदलणे तितके जाचत नाही ते या विभाग कार्यालयांमुळे.

पनवेलमध्येही खारघर, कळंबोली, कामोठे आणि पनवेल अशी चार प्रभाग कार्यालये आहेत. तेव्हा आपला प्रश्न असा हवा: या चार ठिकाणी कोणते काम अर्जापासून दाखल्यापर्यंत पुरे होते, आणि कोणत्या कामासाठी "मेनला जा" असे सांगितले जाते? जन्म-मृत्यूचा दाखला, लग्नाची नोंद, घरपट्टीवरचे नाव, फेरीवालीचा परवाना. बाईच्या आयुष्यातले हे कागद तिच्या घराजवळ पुरे झाले, तर मुख्यालय कुठेही बांधा. ते होत नसेल, तर मुख्यालय कुठेही असले तरी ते लांबच.

"आता सगळे ऑनलाइन झाले आहे" हे उत्तरही आपल्याला मिळेल. ज्यांना जमते त्यांच्यासाठी चांगलेच आहे. पण आपल्या वस्त्यांत घरातला चांगला फोन मुलाकडे असतो, ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर जातो. नवऱ्याच्या नकळत कागद काढणाऱ्या बाईने काय करायचे? तिला खिडकीच लागते, आणि खिडकीमागे ऐकून घेणारे माणूस.

मी नव्या इमारतीच्या विरोधात नाही. जुनी जागा अपुरी आहे, तिथे काम करणाऱ्या बायकाही दाटीवाटीत बसतात, त्यांनाही चांगली जागा मिळायला हवी. मी माझी जुनी सही मागे घेतली आहे. मात्र हलवा म्हणणाऱ्यांच्या कागदावरही मी सही केलेली नाही. आपला कागद आपण लिहावा, असे मला वाटते. त्यात काय असावे, हे मी मांडते. आपण त्यावर वाद घालू.

पहिले, चारही प्रभाग कार्यालयांत कोणती कामे पूर्ण होतात त्याची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत दारावर लावावी. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत घालून दिली आहे, ती मुदतही त्याच यादीत लिहावी. तळोजा-नावड्याच्या बाजूला खिडकी सुरू करावी.

दुसरे, आठवड्यातून एक दिवस संध्याकाळी उशिरापर्यंत किंवा रविवारी काम चालावे. रोजावर जाणाऱ्या बाईला अकरा ते पाच ही वेळ नाहीच.

तिसरे, तळमजल्यावर बसायला जागा, स्वच्छ मुतारी आणि मुलाला पाजायला आडोसा. २०११ पासून मुंबईत बायकांनी मुतारीच्या हक्कासाठी मोहीम चालवली, तेव्हाही लोक हसले होते. तीन तास रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला विचारा.

चौथे, कचेरी हललीच तर जुनी जागा दुकानांना देऊ नये. तिथे नागरी सुविधेची खिडकी राहावी आणि मारहाण सोसणाऱ्या बाईला सल्ला मिळेल असे केंद्र असावे. त्या रस्त्यावर भाजी-फुले विकणाऱ्या बायकांचे गिऱ्हाईक कचेरीमुळे आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांना जागा दिल्या आहेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रियांच्या. निर्णयाआधी त्या बायकांना विचारले पाहिजे.

पाचवे, क्षेत्रसभा. ही मागणी मिळायला सर्वात अवघड आहे, म्हणून ती सर्वात आधी लावून धरू.

हे होणार नाही, असे म्हणू नका. मुंबईचा २०३४ चा विकास आराखडा आठवा. २०१५ मधला पहिला मसुदा लोकांच्या हरकतींमुळे मागे घ्यावा लागला. महिला संघटना आणि वस्तीगट त्या लढ्यात होते. २०१८ मध्ये आराखडा मंजूर झाला तेव्हा त्यात बायकांसाठी आधार केंद्रे आणि नोकरदार स्त्रियांसाठी निवासाच्या जागा आल्या. कागदावर आलेले जमिनीवर आणायची लढाई वेगळी, पण कागदावरही ते आपोआप आले नव्हते.

आता विमानतळ सुरू झाला आहे. यापुढे या शहराचे नकाशे विमानातून उतरणाऱ्यांचा विचार करून काढले जातील. रिक्षातून उतरून कचेरी शोधणाऱ्या बाईचा विचार आपण नाही केला तर कोण करणार?

म्हणून एक काम घेऊन जाऊ या. पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने आपल्या वस्तीत खडूने असा नकाशा काढावा. कोणत्या कागदासाठी किती खेपा झाल्या, किती भाडे गेले, किती रोज बुडाले, ते बायकांच्याच तोंडून लिहून आणावे. तळोजाच्या त्या बाईची हरकत अजून निकाली निघायची आहे. पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर जाणार आहे. कोणा एकीला सोबत यायचे असेल तर बैठक संपल्यावर मला सांगा. भाडे आपण वाटून घेऊ.