दादरच्या खाणावळीत आपलाच बांगडा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



सरस प्रदर्शनात आपला मसाला आणि कोकम विकायला आम्ही चौघी मुंबईला गेलो होतो. त्यात एक दुपार काढून दादरला, शिवाजी मंदिर नाट्यगृहाच्या बाजूला, एका नावाजलेल्या मालवणी खाणावळीत जेवून आलो. कुणकेश्वरला येणाऱ्या पर्यटकांसाठी गटाची खाणावळ काढायची, त्यासाठी कर्ज घ्यायचं, हा विषय आज सभेपुढे आहे. म्हणून अध्यक्षताई म्हणाल्या, तिथलं सगळं सांग. माझ्या सासूबाईंनी मात्र तेव्हा विचारलं होतं, "बांगडो खावक तू मुंबैक गेलंस?"

तर दारातच गर्दी. एक माणूस वहीत नाव लिहून घेतो आणि आपण फुटपाथवर उभं राहायचं. अर्धा तास गेला, पण रांग सोडून कोणी गेलं नाही. आत टेबलावर अनोळखी माणसं समोरासमोर बसतात. कार्डावर बांगडा, सुरमई, कोळंबी, तिसऱ्या यांच्या थाळ्या लिहिलेल्या. मोठ्या पापलेटापुढे मात्र आकडाच नाही. मासा केवढा आणि आजचा बाजार काय, त्यावर दर. पहिल्यांदा जाणारीने हे आधी विचारावं, लाजू नये. मी विचारलं, वाढणाऱ्या दादांनी नीट सांगितलं.

जेवण पाच मिनिटांत पुढ्यात. बांगड्याच्या कालवणात तिरफळ होतं, वाटण बारीक, अगदी घरच्यासारखं. बोंबील तर आपल्यापेक्षा बरे, खरं तेच सांगते. वजनाखाली दाबून पाणी पार काढलेलं, म्हणून कुरकुरीत. आपण घाईत तसेच तव्यावर टाकतो. सोलकढी पातळ होती, ती आपलीच चांगली.

पण मी जास्त बघत होते ते बाकीचं. कार्डावरचा एखादा मासा त्या दिवशी नसला की "आज नाही" म्हणून सरळ सांगत होते, कालचा काढून देत नव्हते. आणि तुकडा प्रत्येक ताटात सारखाच. आपल्याकडे पाहुणा ओळखीचा निघाला की तुकडा मोठा होतो! धंद्यात ते चालायचं नाही.

मुंबईत ही खाणावळ मुळात बायांनीच चालवली. लालबाग-परळच्या गिरण्यांत आपल्या कोकणातले, घाटावरचे पुरुष एकटेच राहायचे. ते महिन्याच्या बोलीवर बायांच्या घरी जेवायचे. पगार होईपर्यंत त्या बाया किराणा उधारीवर आणायच्या, सावकाराचं व्याज भरायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आपले बचत गट गावोगाव निघाले त्याच्या कितीतरी आधी. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, जेवणारेच उरले नाहीत. गिऱ्हाईक एकाच जातीचं असलं की असं होतं.

आपलं गिऱ्हाईक म्हणजे पर्यटक. तो दिवाळीत, नाताळात, मे महिन्यात येतो. १ जून ते ३१ जुलै होड्यांना बंदी, नंतर श्रावण. तेव्हा चूल कशावर चालणार? माझं मत, पावसाळ्यात सुकी मासळी, मसाला, आगळ विकावं आणि कर्जाचा हप्ता त्या महिन्यांत लहान ठेवायला बँकेला आत्ताच सांगावं.

दुसरं, सभेपुढे जो कच्चा हिशोब आलाय त्यात मासळी आहे, नारळ आहे, तेल, गॅस, भाडं सगळं आहे. पण नारळ खवणारी, मासे साफ करणारी, भाकऱ्या थापणारी, हिची मजुरी कुठेच नाही. दादरच्या त्या भटारखान्यातला माणूस फुकट राबत असेल का? "घरच्याच बाया आहेत" असं म्हणून थाळी स्वस्त लावली, तर दोन महिन्यांत एकेक जण यायची बंद होईल, आणि हप्ता उरलेल्यांच्या गळ्यात. मजुरी धरून थाळीचा दर परत काढा, मगच कर्जाच्या अर्जावर सह्या करा. दर थोडा चढेल, चढू दे.

आणि सकाळी लिलावाला बंदरावर कोण जाणार, हे अजून ठरलेलं नाही. भावात घासाघीस करता येईल अशा दोघी हव्यात. नावं आजच द्या, सचिवताई लिहून घेतायत.